जानू तांडेलाची साक्ष

पिक्चर बघून बाहेर पडलेल्या माणसाला मत नसेल तर त्याला चहा पचत नाही. ध्वज दिनाच्या निमित्तानं माजी सैनिकांच्या संघटनेनं पालघरला लष्करी खटल्याचा तो पिक्चर फुकट दाखवला, त्या दिवशी थेटरासमोरच्या टपरीवर हेच चाललं होतं. पन्नास-साठ माणसं, निम्मे पेन्शनर, बाकी त्यांची घरची मंडळी. प्रत्येकाच्या हातात कटिंग आणि तोंडात निकाल. पिक्चरमधल्या कोर्टाला निकाल द्यायला अडीच तास लागले होते. यांचा निकाल चहा उकळायच्या आत लागला.

गोष्ट साठेक वर्षांपूर्वीच्या सीमेवरची होती. एका शिपायावर आरोप, की हा पहाऱ्याची जागा सोडून गेला आणि त्यापायी चौकी पडली. त्याचाच जोडीदार उभा राहून साक्ष देतो, की मी याला जाताना पाहिलं. शिपायाला शिक्षा होते. शेवटी कळतं की जोडीदार बढतीसाठी खोटं बोलला होता, पण तोवर शिपाई तुरुंगात खंगून मेलेला असतो. मग जोडीदार पावसात गुडघ्यावर बसून रडतो आणि पिक्चर संपतो.

संघटनेचे अध्यक्ष, रिटायर सुभेदार पागधरे, यांना हे रडणं अजिबात पटलं नव्हतं. "पहारा म्हणजे पहारा. कोर्टापुढं जे आलं त्यावर कोर्टानं केलं. बरोबरच केलं," असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. नायकाच्या हुद्द्यावर रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्याचं म्हणणं, असलं कोर्ट पलटणीत कुणी पाहिलंय? वकील नसतो, भाषणं नसतात, कमांडिंग साहेब स्वतःच बसतो आणि एका दुपारीत सगळं उरकतं. बोईसरच्या कंपनीत फिटर असलेला विनोद बापाबरोबर आला होता. तो म्हणाला, वकील झालेल्या नटानं पिक्चर खाल्ला, बाकी सगळे पडदे धरायला होते. त्याच्या शेजारच्याला गणवेशाची बटणं चुकीची दिसली होती. बायकांपैकी दोघींचे डोळे अजून ओले होते, आणि तिसरीला राग आला होता की शिपायाच्या बायकोला दोनच सीन दिले.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि आपल्याकडं एकमत झालं की समजावं कुणाची तरी धडगत नाही. तो साक्षीदार. त्याला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. सुभेदारांनीही घातल्या.

"तो खोटा बोलत नसंल," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "त्याला खराच वाटला असंल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जानू तांडेल बोलला होता. जानू सहसा बोलत नसे.

"तांडेल, झोपला होतास काय आत?" सुभेदार हसले. "शेवटी कबूल नाही केलं त्यानं? पट्टी मिळावी म्हणून बोललो म्हणून?"

"ता पिक्चरात," जानू म्हणाला, आणि ग्लास ठेवून घराकडं निघाला. मागं थोडं हसणं झालं आणि पुन्हा बटणांचा विषय निघाला.

जानू तांडेल मूळ दांडीचा. बाप, आजा, पणजा सगळे दर्यावर. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, वल्हं कुठं आणि जाळं कधी ते सांगणारा. त्याच्या शब्दावर आठ-दहा माणसं जीव टाकून पाण्यात उतरतात, म्हणून त्या घरातल्या माणसाला एक सवय लहानपणीच लावतात : वेळ सांगायची तर ठाम सांगायची, नाहीतर गप्प बसायचं. जानू विसाव्या वर्षी दर्या सोडून फौजेत गेला. सतरा वर्षं नोकरी केली, परत येऊन तारापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर वीस वर्षं उभा राहिला. दांडीचं घर भावाकडं देऊन सालवडला दोन खोल्या बांधल्या. बायको शालू गेली त्याला सहा वर्षं झाली. आता मुलगा सुजीत, सून हेमाली आणि हा.

गेटवर त्याची ख्याती एकच. कंपनीचा भोंगा चुकेल, तांडेल चुकणार नाही. पाळी बदलायला आलेला गडी पाच मिनिटं उशिरा आला तर जानू त्याला घड्याळ न बघता सांगायचा. पोरं चेष्टेनं त्याला विचारायची, "अंकल, टाइम क्या हुआ?" आणि मोबाईलशी ताडून बघायची. बरोबर निघालं की खूश व्हायची. जानूला त्या चेष्टेचं सुख कधी वाटलं नाही. ते का, हे त्यानं शालूलाही सांगितलं नव्हतं.

त्याच्या हातूनही एक साक्ष झाली होती. खरीखुरी, शपथ घेऊन, कमांडिंग साहेबासमोर.

पलटणीत सातारा, कोल्हापूर, सांगलीची पोरं. ती जानूच्या बोलीला हसत. हसून झालं की जिवल्याच्या बोलीला हसत. जिवल्या माकुणसारच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, वारल्याचा पोर, बारीक, काळा, चढणीला शेळीसारखा. एक दर्यावरचा, एक रानातला. गावी असते तर बाजारात मासळी आणि लाकडाच्या निमित्तानं तोंडओळख झाली असती, एवढंच. पण बाराशे मैलांवर बर्फाच्या डोंगरात "हाय-नाय" म्हणणारा दुसरा माणूस भेटला की तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा होतो. घरून सुके बोंबील आले की जानू निम्मे जिवल्याला द्यायचा. जिवल्या त्याला चढताना मागून ढकलायचा आणि चिडवायचा, "दर्यावाल्या, तुला डोंगर दिसतं का रं? तू तर आंधळा हाय हिकडं."

जानूला राग यायचा नाही. हिकडं आंधळा असेन, पण आभाळ तर तेच आहे, असं तो म्हणायचा. घड्याळ दोघांकडंही नव्हतं. जानूला लागतच नव्हतं. तिथीची पाऊणपट करून भरती सांगायची, चंद्र कुठल्या तिथीला किती वाजता बुडतो ते बोटांवर सांगायचं, हे त्याला अक्षरांच्या आधी आलेलं. पलटणीतली पोरंसुद्धा त्याला वेळ विचारू लागली होती, आणि चोवीस वर्षांच्या पोराची छाती त्यानं फुगायचीच.

त्या वर्षी दिवाळी छावणीत झाली. तिच्यानंतर आठ दिवसांनी दारूगोळ्याच्या तंबूतून एक पेटी गेली. तिथं अकरा ते एक पहारा जिवल्याचा होता. जिवल्या म्हणाला, मी जागेवरून हाललो नाही. दुसऱ्या दिवशी पलटणीच्या सुभेदारानं सगळ्यांना उभं करून विचारलं, रात्री कुणी कुणाला कुठं पाहिलं? जानूनं हात वर केला.

त्यानं पाहिलं होतं. तो लघवीला उठला तेव्हा जिवल्या लंगरखान्याच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, चुलीपाशी हात शेकत बसलेला. दोघं काही बोललेही नव्हते. हात वर करताना जानूच्या मनात वाईट काहीच नव्हतं. विचारलंय तर पाहिलं ते सांगावं, एवढंच. खोटं बोलणाऱ्या माणसाला होडीवर घेत नाहीत.

कोर्ट टपरीवरचा तो जुना नायक म्हणाला तसंच होतं. एक टेबल, तीन खुर्च्या, एक दुपार. साहेबानं विचारलं, "टाइम?"

"बारह बजे, साब."

"घड़ी है?"

"नहीं साब. चाँद डूब रहा था. अष्टमी थी. अष्टमी का चाँद बारह बजे डूबता है."

साहेबानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, की साक्षीदारानं आरोपीला मध्यरात्रीच्या सुमारास लंगरात पाहिलं. चंद्राचं काही लिहिलं नाही. मग आरोपीला सांगितलं, तुला साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर विचार.

जिवल्यानं जानूकडं पाहिलं. "जानू, चांद बुडला तो कुठं बुडला रं? पान्यात?"

"हिंदी में बोलो," साहेब म्हणाला.

जिवल्याची हिंदी चार शब्दांची. तो थोडा वेळ जुळवत राहिला. "साब, चाँद... पहाड़ में गया."

"हाँ हाँ, वो तो गया," साहेब म्हणाला, आणि पुढचा साक्षीदार बोलावला.

जानूला शब्द सगळे कळले होते. अर्थ कळला नाही. त्याला वाटलं, बिचारा घाबरून काहीतरी बरळतोय. जिवल्याला सहा महिने कैद झाली आणि पलटणीतून नाव कटलं. त्याला गाडीत बसवताना जानू दूर उभा होता. जवळ जायची त्याची छाती झाली नाही, पण आपण चुकलो असंही वाटलं नाही. वाईट वाटलं, ते दोस्तानं पहारा सोडला याचं.

अर्थ कळायला पाच वर्षं लागली. तोवर जानूच्या दंडावर पहिली पट्टी आली होती आणि मनगटावर घड्याळ. छावणी दुसरी, डोंगर तसेच. पुन्हा दिवाळी झाली, पुन्हा आठवा दिवस. चंद्र पश्चिमेच्या डोंगराच्या धारेला टेकला तसं त्यानं सहज, घड्याळ नवीन होतं म्हणून, मनगट वर केलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याला वाटलं घड्याळ बंद पडलं. कानाला लावलं, तर चालू. चंद्र गेला, पण डोंगरामागून उजेड येतच राहिला, आणि जानू तिथंच दगडावर बसून त्या उजेडाकडं बघत राहिला. उजेड बाराला गेला. त्याचा हिशोब एका घटकेनंही चुकला नव्हता. चंद्र बारालाच बुडाला होता. फक्त डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना तो दोन तास आधीच दिसेनासा झाला होता.

म्हणजे जिवल्या चुलीपाशी बसला होता तो दहाला. पहारा लागायच्या तासभर आधी. थंडी होती, हात शेकत होता. त्यात कुणाच्या बापाचं काय जात होतं?

जन्मभर ज्याच्या क्षितिजावर पाण्याशिवाय काही नव्हतं तोच माणूस ही चूक करू शकतो. साताऱ्याच्या पोरानं केली नसती. जिवल्यानं तर केलीच नसती. तो ती तिथंच, कोर्टात उभा राहून दाखवत होता.

उद्या साहेबाकडं जायचं, असं जानूनं ठरवलं. उद्या साहेब रजेवर होता. मग नवा साहेब आला, त्याला जुनी केस कशी सांगणार? मग वाटलं, सुट्टीत माकुणसारला जाऊन जिवल्यालाच सांगू. सुट्टीत शालूशी लग्न झालं. मग सुजीत झाला. मग नोकरी संपली. माणसाचं 'उद्या' किती लांबू शकतं याला काही माप नाही. जानूचं चाळीस वर्षं लांबलं.

मध्ये एकदा जिवल्या दिसला होता. पालघरच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, पुढ्यात शेवळांच्या रानभाजीच्या जुड्या मांडून बसलेला. केस पांढरे, पण मान तीच. समोर गिऱ्हाईक घासाघीस करत होतं आणि जिवल्या हसून नाही-नाही म्हणत होता. जानू दहा पावलांवर होता. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेला. घरी शालूनं विचारलं, शेवळं आणायला सांगितली होती ती कुठंयत? तो म्हणाला, संपली होती.

मग अकरा वर्षांपूर्वी गेटवर माकुणसारचा कैलास नावाचा हेल्पर होता, त्याच्याकडून कळलं, पाड्यावरचा जिवल्या मिल्ट्री वारला. "मिल्ट्री कशाचा," कैलास हसून म्हणाला, "हाकलून दिलेला. पेटी चोरली व्हती म्हणतात." जानूनं रजिस्टरमध्ये कैलासची सही घेतली आणि त्याला आत सोडलं. त्या रात्री जेवला नाही. शालूला वाटलं, पोट बिघडलंय.

तर असा हा जानू, पालघरच्या टपरीवर एकटाच साक्षीदाराच्या बाजूनं बोलून घरी आला. हेमालीनं तो पिक्चर महिन्याभरापूर्वीच मोबाईलवर बघितला होता. भाकऱ्या थापता थापता तिनं विचारलं, "बाबा, कसा वाटला पिक्चर?"

"बरा व्हता."

"मला शेवट नाय आवडला." हेमाली स्पष्ट बोलणारी. "पावसात बसून रडतो. अरे, रडतो काय? त्या शिपायाची बायको जिती हाय ना? तिच्या दारात जा. तिला सांग. हा एकटाच रडतो नि आपणच मोकला होतो."

सुजीत मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "पिक्चर हाय तो."

"मंग पिक्चरात तरी दाखवायचा ना," हेमाली म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानूनं कपाटातली इस्त्रीची पँट घातली, पाव किलो सुके बोंबील कागदात बांधून घेतले आणि सफाळ्याला दोस्ताकडं जातो म्हणून सांगितलं. दोस्ताकडं, हे काही खोटं नव्हतं. एसटीत बसल्यापासून त्यानं मनाची तयारी केली ती एकाच गोष्टीची : शिव्या खायच्या. बायको शिव्या देईल, पोरं अंगावर येतील. येऊ देत. तिला कळेल की तिचा नवरा खरा होता, आणि मग आपलं काय व्हायचं ते होवो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला थोडं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

माकुणसारच्या बाजूचा तो पाडा टेकडीच्या पायथ्याशी होता. भातकापणी होऊन गेलेली, खळी सारवलेली. जिवल्याचं घर विचारल्यावर एका बाईनं बोट दाखवलं, त्याची बायको कमळी घरीच आहे म्हणाली. अंगणात पासष्ट-सत्तरीची म्हातारी सुपात नागली पाखडत होती, आणि ओट्यावर एक तरणी पोरगी केस विंचरत बसली होती. पोरगी जिवल्याची नात सपना. बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती.

"कमळीबाई?" जानू अंगणाच्या कडेलाच थांबला. "मी जानू तांडेल. दांडीचा. जिवल्यासंगती पलटणीत व्हतो."

सूप थांबलं. म्हातारीनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"साक्ष दिलेला तो?"

"हां. तोच."

आता शिव्या येणार, असं जानूला वाटलं. कमळी उठली, खाट उन्हातून सावलीत ओढली. "बसा भाऊ. सपने, पानी आन."

तो बसला. पाणी प्यायला. बोंबलांचा पुडा त्यानं सपनाच्या हातात दिला. कमळीनं पुन्हा सूप घेतलं, पण पाखडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं.

"आमच्या मानसाचा तुमच्यावर लय राग व्हता," ती म्हणाली. "माझा नाय. मी त्याला सांगायची, तो तुझा दोस्त. तुझ्या ताटात जेवलेला. त्याला खोटा सांगून काय मिळाला? काय नाय मिळाला. मंग तो खरा बोलला असंल. तूच खोटा."

जानूनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आजी, परत सुरू नको करूस," सपना म्हणाली. मग जानूला सांगू लागली, "आजोबा, मी हिला तो मिल्ट्रीचा पिक्चर दाखवला मोबाईलवर. सगली कंपनी रडली त्या शिपायासाठी. मी पन रडली. ही काय बोलली म्हायती हाय? बोलली, शिक्षा झाली ती बरी झाली."

"बरीच झाली," कमळी म्हणाली. "पिक्चरवाला काय, शेवटाला दावतो की शिपाई खरा व्हता. लोकांना बरा वाटतं. खऱ्यात तसा नसतं पोरी. खऱ्यात शिपाईच खोटा असतं. मी घरान बघितला ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. खूप वर्षं उगाळून गुळगुळीत झालेली गोष्ट असावी तशी ती बोलत होती. "जल्मभर एकच. मी जागा सोडली नाय, मी जागा सोडली नाय. लगनात गेला तरी ताच, ताडी प्याला तरी ताच. माझे भाऊस हसायचे. पोरं मोठी झाली ती पन हसायची. मी बोलायची, हो बोल ना एकदा, सोडली व्हती म्हन. मानूस चुकतं. मी काय टाकून देनार व्हते? पन नाय. खोटा तो खोटाच."

जानू खाटेवर बसून होता. इथवर येताना त्यानं सगळं मोजलं होतं, फक्त हे नाही. आपण जे देणार आहोत त्यानं या बाईचं भलं होईल, असं धरून तो आला होता. आणि इथं ती आपल्या परीनं शांत बसली होती. नवरा खोटारडा होता, तिनं त्याच्याशी निभावलं, तो गेला. सगळं जागच्या जागी होतं. उठून राम राम करून निघावं, असं त्याला अगदी खरोखर वाटलं. निघाला असता तर त्याला दोष कोण देणार होतं? तुम्ही-आम्ही तरी देऊ नये.

पण मग जिवल्या खोटारडाच राहिला असता. याच अंगणात, याच बायकोच्या तोंडी, ती जगेल तोवर.

"वयनी, तो खरा बोलत व्हता," जानू म्हणाला.

कमळीला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग पहिल्यापासून सांगितलं. चुलीपाशी पाहिलं ते, घड्याळ नव्हतं ते, चंद्रावरून वेळ सांगितली ते. तिथीचा हिशोब सांगून झाल्यावर त्यानं टेकडीकडं बोट केलं. "ही टेकडी हाय ना. हिच्याआड चांद..."

"डोंगराला चांद बेगीन जातं," कमळी म्हणाली. "ता पोरांना पन ठावं हाय."

"मला ठावं नव्हता," जानू म्हणाला. "मी दर्याचा हिशोब लावला. तो दहाला तिथं व्हता, वयनी. त्याचा पहारा अकराचा. त्यानं जागा नाय सोडली. मला पाच वर्सांनी कळला. आनि मी आलो नाय."

सपना ओट्यावरून उतरून आजीच्या मागं येऊन उभी राहिली.

"प्यायला की तो बोलायचा," कमळी हळूहळू म्हणाली, जणू स्वतःशीच जुळवत होती. "चांदानं माझा घात केला. असा बोलायचा. दर्याच्या चांदानं. आमी किती हसायचो. पोरं त्याला चांदमामा बोलायची." तिनं जानूकडं पाहिलं. "तो ह्याच सांगत व्हता का?"

"हां."

"तुमी चांदाचा बोललात, ता आमाला कोनीच नाय सांगितला. हिथं बारा वाजता, एवढाच आला."

जानूनं हात जोडले. चाळीस वर्षं त्यानं उरावर वाहिलेला धोंडा आता या बाईच्या उरावर होता, आणि ती त्याच्याहून म्हातारी दिसत होती.

"भाऊ, तुमी आदी यायचा व्हता," कमळी म्हणाली. ती ओरडली नाही. "तो जाताना सपनाचा बाप, मी, आमी सगली बसलेलो. चार दिस तोंडातून शब्द नाय. पाचव्या दिशी डोला उघडला. बोलला, कमळे, मी जागा सोडली नव्हती. मला राग आला. मी बोलले, आता देवाच्या दारान चाललास, आता तरी खोटा नको बोलूस. मी तुझ्या पाया पडते, एकदा खरा बोल."

सपनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कमळीनं तो काढला नाही, पण तिचं लक्ष नव्हतं.

"मंग त्यानं माझ्याकडं लय येल बघितला. आनि बोलला, बरा. सोडली व्हती." तिनं मांडीवरचं सूप बाजूला जमिनीवर ठेवलं. "माझ्यासाठी बोलला तो, भाऊ. आनि मला इतका बरा वाटला तवा."